जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीची ३ वर्षांची ऑफर आलीये, इथे पर्मनंट नोकरी आहे. निघायच्या आधी काय काय पक्कं करून घ्यायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बॉटनी शिकवते, असिस्टंट प्रोफेसर, पर्मनंट. पीएचडी झाल्यावरही पठारावरच्या गवतांवर काम चालू ठेवलंय, पण लेक्चर, प्रॅक्टिकल, नॅकच्या फायली, परीक्षेची कामं हे सगळं उरकून जो वेळ उरतो त्यात. मायक्रोस्कोप आहे पण सिक्वेन्सिंग करायचं तर सँपल बाहेर पाठवायची आणि पैसे स्वतःचे. तर आता जर्मनीत गोटिंगन युनिव्हर्सिटीच्या एका ग्रुपमधून पोस्टडॉकची ऑफर आलीये. प्रोजेक्ट ३ वर्षांचा, पगार टीव्ही-एल ई १३ (तिथली सरकारी वेतनश्रेणी), फुल पोस्ट. प्रोफेसर बाई फार छान बोलल्या, माझे पेपर खरोखर वाचले होते त्यांनी. मला जायचंय, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे "जावं का नको" यावर चर्चा नको.

प्रश्न वेगळे आहेत. एक तर इथल्या नोकरीचं काय करायचं. घरातले काही जण म्हणतात राजीनामा दे आणि मोकळी हो, काही म्हणतात वेडी आहेस का, अनुदानित जागा आजकाल मिळते का कुणाला. दुसरं, मिस्टर शिरवळच्या कंपनीत क्वालिटीला आहेत, मुलगी ७ वर्षांची, दुसरीत. सासूबाई आमच्याजवळच असतात, तब्येत ठीक आहे पण एकट्या राहू शकतील असं नाही, नणंद पुण्यात आहे ती म्हणते मी बघते. तर मी आधी एकटी जाऊन नंतर यांना बोलवायचं की सगळे एकदमच? आणि तिघांचं त्या पगारात भागतं का? एचआरकडून मेल आलाय त्यात एक भलामोठा फॉर्म आहे, आधीचा अनुभव भरा म्हणून, त्याचं नेमकं महत्त्व काय ते पण कळेना. जे लोक या वाटेने गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

माजी_पोस्टडॉक

मनापासून अभिनंदन ताई! मी लाइपझिगला होतो पोस्टडॉक, आता परत भारतात. तुम्ही शेवटी विचारलाय तो फॉर्म सगळ्यात आधी घेतो, कारण पुढच्या ३ वर्षांचा पगार त्याच्यावर ठरणारे.

ई १३ हा ग्रेड झाला, पण त्याच्या आत पायऱ्या असतात, त्याला ते श्टूफ म्हणतात. काहीच अनुभव नसेल तर श्टूफ १, कामाशी संबंधित किमान १ वर्षाचा अनुभव मान्य झाला तर २, किमान ३ वर्षांचा झाला तर ३. २०२५ च्या तक्त्यात १ ला महिना साडेचार हजार युरोच्या थोडं वर ग्रॉस आहे आणि ३ ला पाच हजारांच्या वर. म्हणजे दर महिन्याला पाचशेच्या वर फरक. आणि त्यांच्या टीव्ही-एल वेतन करारातच असं लिहिलंय की दुसऱ्या युनिव्हर्सिटीत किंवा संशोधन संस्थेत केलेलं संबंधित काम तत्त्वतः मोजायचं. पण मोजायला त्यांना कागद लागतो. तुमच्या नेमणूक पत्रावर नुसतं "असिस्टंट प्रोफेसर, बॉटनी" असेल, त्यावरून तिथल्या एचआरच्या माणसाला काय कळणार तुम्ही संशोधन करत होतात का नुसतं शिकवत होतात. म्हणून प्राचार्यांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर इंग्लिशमध्ये पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत, फुल टाइम, आठवड्याचे तास, काय शिकवलं, कोणतं संशोधन, कुणाला गाइड केलं, कोणता मायनर प्रोजेक्ट होता तो. हे सगळं सही करायच्या आधी. श्टूफ एकदा ठरली की नंतर मागे जाऊन बदलून घेणं फार अवघड जातं. प्रोफेसर बाईंनाही सांगून ठेवा, त्यांनी एचआरला दोन ओळी लिहिल्या की वजन पडतं.

व्हिसाचं बोलायचं तर तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) किंवा संशोधकाचा परवाना. दुसऱ्यासाठी युनिव्हर्सिटी एक वेगळा करार करून देते तुमच्याशी. ब्लू कार्डाला पगाराची किमान अट असते, २०२५ ला ती वर्षाला ४८,३०० युरो होती, फुल ई १३ ती आरामात ओलांडतो. मी तुमच्या जागी असतो तर ब्लू कार्डच मागितलं असतं. त्यावर जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांत आणि अगदी सुरुवातीची ए१ असेल तर २७ महिन्यांत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. तुमचा प्रोजेक्ट ३ वर्षांचा म्हणजे ३६ महिने, हिशोब लक्षात येतोय ना? प्रोजेक्ट संपताना हातात कायमचा परवाना असेल तर पुढची नोकरी शांतपणे शोधता येते, नाहीतर कॉन्ट्रॅक्टची तारीख आणि व्हिसाची तारीख दोन्ही एकदम अंगावर येतात. दोन्ही रस्त्यांत मिस्टरांना व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि तिथे पोचल्यापासून नोकरी करायची परवानगी असते. व्हिसाच्या आधी आनाबिन नावाच्या साइटवर आपल्या युनिव्हर्सिटीचं नाव शोधा, एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) दिसलं आणि डिग्रीही त्यात सापडली तर त्याची प्रिंट पुरते, नाहीतर डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो आहे आणि वेळ लागतो, म्हणून आजच बघा.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. सरकारी नोकरी म्हणून व्हीबीएल नावाची जादाची पेन्शन आपोआप सुरू होते, दर महिन्याला पगारातून कापतात. त्यातून पेन्शन मिळायची तर किमान ६० महिने भरावे लागतात. तुमचं कॉन्ट्रॅक्टच ३६ महिन्यांचं. ५ वर्षांच्या आतल्या कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या संशोधकांना यातून सूट घेऊन दुसरी योजना निवडता येते जिच्यात ही ६० महिन्यांची अट नाही, पण अर्ज रुजू झाल्यापासून २ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ते पहिले २ महिने घर-बँक-शाळा यात कसे जातात कळत नाही, त्यामुळे कॅलेंडरवर आत्ताच टाका.

आणि ३ वर्षांनंतरचं एक स्पष्ट सांगतो. जर्मनीत पर्मनंट जागा फार कमी. तिथे एक कायदाच आहे की पीएचडीनंतर साधारण ६ वर्षंच युनिव्हर्सिटी असं मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते, बाहेरून पैसा आलेला प्रोजेक्ट असेल तर त्यापुढेही जाता येतं पण तेही प्रोजेक्टपुरतंच. २०२१ ला तिथले तरुण संशोधक 'इश बिन हाना' म्हणजे 'मी हाना' (हाना ही सरकारी व्हिडिओतली काल्पनिक तरुण संशोधक) म्हणत सोशल मीडियावर उतरले होते ते याच कारणासाठी. म्हणून प्रोफेसर बाईंना आत्ताच विचारा, एक्स्टेन्शनची शक्यता काय, पैसा कुणाचा आहे, प्रोजेक्टची तारीख कॉन्ट्रॅक्टच्या तारखेला जुळते का. असं विचारलं तर तिथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

रिकामा_फळा

मॅडम, मी अनुदानित कॉलेजातूनच निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं ऑफिसची बाजू सांभाळली, त्यामुळे जर्मनीचं काही सांगू शकत नाही पण इथलं सांगतो. राजीनामा अजिबात देऊ नका. आज नेट-सेट-पीएचडी झालेली किती पोरं सीएचबीवर तासाच्या पैशावर राबतात ते तुम्ही स्टाफरूममध्ये रोज बघत असाल. ती जागा एकदा सोडली की परत तुमच्यासाठी निघेलच असं नाही, आणि निघाली तरी आरक्षणाचं रोस्टर बदललेलं असतं.

धारणाधिकार म्हणजे आपण लिएन म्हणतो तो, म्हणजे जागेवरचा आपला हक्क, ठेवून असाधारण रजा किंवा अभ्यास रजा मागा. तोंडी "जा हो मॅडम, काही प्रॉब्लेम नाही" यावर विमानात बसू नका. सचिव बदलतात, प्राचार्य बदलतात, फाइल राहते. रजेचा अर्ज, संस्थेच्या व्यवस्थापनाचा ठराव, युनिव्हर्सिटीला कळवल्याची पोच आणि कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयाची मंजुरी, हे सगळं जावक क्रमांकासह तुमच्या हातात पाहिजे. पगार त्या कार्यालयातून निघतो, परत आल्यावर पगार सुरू व्हायचा तर त्यांच्या नोंदीत तुम्ही रजेवर दिसल्या पाहिजेत, गैरहजर नाही. ठरावात हेही लिहून घ्या की हा काळ इन्क्रिमेंट, सेवाज्येष्ठता आणि कॅससाठी (बढतीच्या योजनेसाठी) धरणार की नाही. नाही धरणार असं लिहिलं तरी चालेल, पण लिहिलेलं पाहिजे, नाहीतर परत आल्यावर तुम्ही एक सांगणार, ऑफिस दुसरं. सर्व्हिस बुकच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स मारून घ्या आणि शेवटच्या नोंदीवर सही आहे का बघा. मंजुरीला महिने जातात हे धरूनच जर्मनीला जॉइनिंगची तारीख कळवा. अभ्यास रजा पगारी मिळाली तर बाँड द्यावा लागतो, आणि तिकडे पूर्ण पगार घेणार असाल तर मला वाटतं बिनपगारी असाधारण रजाच सरळ आहे.

तुमच्यासारखी मुलगी गवतांवर काम करायला इतक्या लांब जातेय याचा खरंच फार आनंद झाला. आपल्याकडे पठारावर फुलं बघायला गर्दी होते, गवताकडे कोण बघतंय.

निळी_सायकल

हाय! आम्ही गोटिंगनपासून ट्रेनने फार लांब नाही राहत, मी युनिव्हर्सिटीत नाही पण नवरा आहे, आणि मी मुलाला घेऊन आलेली बायको या बाजूने लिहिते, कारण ती बाजू कुणी लिहीत नाही.

माझं मत, सगळे एकदम या, किंवा तुम्ही पुढे आणि ते दोघं दोन-तीन महिन्यांत. वर्षभर लांबवू नका. व्हिसाचा अर्ज तिघांचा एकत्र करता येतो, मग प्रवास मागेपुढे केला तरी चालतो. पैशाने बघितलं तरी एकत्र राहणंच परवडतं, कारण नवरा जर्मनीत राहत असेल आणि तो कमवत नसेल तर तुम्हाला टॅक्स क्लास ३ घेता येतो, तो भारतात असेल तर तुम्ही १ मध्ये, आणि या दोन्हीत हातात येणाऱ्या पगारात बऱ्यापैकी फरक पडतो. ढोबळ धरा, क्लासप्रमाणे ग्रॉसच्या साठ ते सत्तर टक्के हातात येतात. हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचा घ्या, त्यात न कमावणारा नवरा आणि मूल फुकटात येतात. प्रायव्हेटचे एजंट मागे लागतील, कुटुंब असेल तर ऐकू नका. मुलीचे किंडरगेल्ड म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचे पैसे मिळतील, २०२५ मध्ये महिना २५५ युरो होते. शाळेला फी नाही. घरभाडं तिघांच्या घराला सगळं धरून हजाराच्या पुढे समजा. तर हो, एका पगारात तिघांचं भागतं, नीट भागतं, फक्त दरवर्षी भारतवारी आणि मोठी बचत दोन्ही एकदम होईल असं नाही.

पण सुरुवातीला पैसे घेऊन या! डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेऊ शकतात, पहिला पगार कागदपत्रं उशिरा गेली तर पुढच्या महिन्यावर सरकतो, आणि घरं कितीतरी वेळा किचनशिवाय मिळतात, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, फक्त भिंतीतून आलेले पाइप. जाहिरातीत किचन आहे का ते आधी बघायचं. सातासमुद्रापलीकडून घर फायनल करू नका, बघायच्या आधी डिपॉझिट मागणारा प्रत्येक माणूस फ्रॉड समजा. युनिव्हर्सिटीच्या वेलकम सेंटरला आजच मेल टाका, गेस्ट हाउसमध्ये सुरुवातीचे काही महिने मिळतात का, आणि तिथे पत्त्याची नोंदणी करता येते का हे पण विचारा. कारण राहायला आल्यापासून २ आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो, आणि बाकी सगळं त्या नोंदणीला लटकलेलं असतं. टॅक्स नंबर पोस्टाने येतो, बँकेचं कार्ड पोस्टाने, इन्शुरन्सचं कार्ड पोस्टाने. आणि दाराच्या पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो! पहिल्या दिवशी कागदावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवा.

मुलीचं टेन्शन घेऊ नका. ७ वर्षांची म्हणजे ग्रुंडशूलं (प्राथमिक शाळा), ती जवळच्या शाळेत जाईल, सुरुवातीला गप्प बसेल, तुम्हाला रात्री रडू येईल, आणि वर्षभरात तुमचं जर्मन सुधारायला लागेल ती. शाळा मात्र दुपारी एकच्या सुमारास सुटते, त्यानंतरच्या देखरेखीची जागा वेगळी मागावी लागते आणि तिथे वेटिंग असतं, शाळेत नाव घालतानाच विचारा.

खरी काळजी मिस्टरांची करा. तुम्हाला लॅब आहे, मुलीला शाळा आहे, त्यांना सकाळी आठनंतर काय? इथे डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो. परवानगी आहे म्हणजे नोकरी आहे असं होत नाही, क्वालिटीतल्या नोकरीला शॉप फ्लोअरवरच्या लोकांशी बोलावं लागतं आणि ते जर्मनमध्येच. म्हणून त्यांनी आत्तापासून भाषा सुरू करावी. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, शिरवळहून रोज जमणार नसेल तर ऑनलाइन बॅच घ्या. बी१ करून आला तर त्याची अवस्था वेगळी असेल आणि शून्यावर आला तर वेगळी, हे मी स्वतः जगलेय म्हणून सांगते.

उंबरठा

वरचं सगळं पटलं पण मिस्टरांनी लगेच नोकरी सोडावी हे मला नाही पटत. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, घरी आई आहेत. दोघांचं उत्पन्न एकदम परक्या देशातल्या एका सहीवर टाकायचं? ताईंनी आधी सहा महिने जाऊन ग्रुप कसा आहे, प्रोबेशन कसं जातंय ते बघावं. तिथे सुरुवातीला प्रोबेशन असतंच. आणि मुलीचं इथलं वर्ष पूर्ण होऊ दे. मिस्टरांनी इथली नोकरी ऑनलाइन तिकडून करावी असा सल्ला काही लोक देतात तो मात्र ऐकू नका, जर्मनीत बसून काम केलं की टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी तिकडची लागते, भारतीय कंपन्या त्यात पडायला तयार नसतात.

निळी_सायकल

@उंबरठा, आईंचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, ते घरातल्यांनीच बसून ठरवायचं आणि नणंद "बघते" म्हणते म्हणजे नेमकं काय, त्या पुण्याला जाणार की ती साताऱ्याला येणार, औषधं कोण आणणार, हे स्पष्ट बोलून घ्या. पण सहा महिन्यांचे नऊ होतात आणि नऊचं दीड वर्ष, मी आजूबाजूला बघते ना. लहान मुलीने आईला फोनवरच बघायचं आणि आईने नव्या देशात नवी नोकरी एकटीने रेटायची, याची किंमत कुठल्याच पगाराच्या तक्त्यात दिसत नाही. शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबायचं म्हणत असाल तर चालेल, त्याला तारीख आहे. "सेट झाल्यावर बघू" म्हणू नका फक्त.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री आम्ही दोघांनी मिळून धागा दोनदा वाचला. सरांचं म्हणणं ऐकून आज रजेचा अर्ज लिहायला घेतला, राजीनाम्याचा विषय बंद. प्राचार्यांकडे पत्राचा मसुदा मीच करून देणारे. मिस्टरांनी ऑनलाइन ए१ ची चौकशी केली. त्यांचं म्हणणं, मुलीची परीक्षा झाली की मेमध्ये दोघं येतील आणि तोवर कंपनीत बिनपगारी रजा मिळते का बघतील. सासूबाईंनीच परवा सांगितलं की मला पुण्याला न्या पण माझी गाय विकू नका, तर गाईचं शेजाऱ्यांकडे ठरवतोय.

एक प्रश्न राहिला. माझी बीएस्सी-एमएस्सीची सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, पीएचडी आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. आणि पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझ्या नावापुढे मिस्टरांचं नाव आहे, आपल्याकडे असतं तसं. याचा तिकडे त्रास होतो का? एजंट म्हणतो सगळं अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करा, बरेच पैसे सांगतोय.

माजी_पोस्टडॉक

एजंटला पैसे द्यायच्या आधी मुंबईच्या कॉन्सुलेटची तुमच्या व्हिसा प्रकाराची चेकलिस्ट डाउनलोड करा, त्यात जे मागितलंय तेवढंच करा. तुम्ही साताऱ्याच्या म्हणजे त्यांच्याच हद्दीत येता.

नावाचं असं, तिकडे पासपोर्टवर जे छापलंय तेच तुमचं नाव, अगदी मिस्टरांच्या नावासकट. कॉन्ट्रॅक्ट, पत्त्याची नोंदणी, बँक, इन्शुरन्स सगळीकडे तेच आणि तसंच लिहा, कुठे गाळू नका, एका ठिकाणी लांब आणि दुसरीकडे आखूड झालं की पत्रं फिरत बसतात. पेपरवर तुम्ही जे नाव लावता ते लावा, त्याचा याच्याशी संबंध नाही. माहेरचं-सासरचं जोडायला विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट लागेल, ते मराठीत असेल तर तिथल्या ऑफिसला जर्मन भाषांतर लागू शकतं, अधिकृत भाषांतरकाराकडूनच करा. गॅझेटमध्ये नाव बदललं असेल तर ती प्रत पण ठेवा. मुलीचा जन्मदाखला बघा, त्यावर आईचं नाव पासपोर्टसारखंच आहे का. नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून आत्ताच दुरुस्त करून घ्या, किंडरगेल्डला आणि शाळेला तोच दाखला जातो आणि तिथून बसून दुरुस्ती करणं महाकठीण.

रिकामा_फळा

मॅडम, अर्ज दिलात की आवक शिक्का मारलेली प्रत लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच वेळी, क्लार्कच्या टेबलापाशी उभं राहून. आणि सहसंचालक कार्यालयात फाइल कुठल्या टेबलावर आहे ते दर आठवड्याला विचारत राहा, काही अडलं तर इथे लिहा, अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे तो टाइप करून टाकतो.